पिंचबेक : सोन्याचा रंग, जस्ताची करामत

इंग्रजीत एखाद्याच्या वागण्याला 'पिंचबेक' म्हटलं की समजावं, वरून झगमगाट आणि आत सगळं खोटं. आपण 'नुसता मुलामा' म्हणतो ना, तसंच. 'पिंच' म्हणजे चिमटा, तेव्हा शब्दाचं मूळ चिमट्यातच असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. निघालं चक्क आडनाव!

ख्रिस्तोफर पिंचबेक हा लंडनचा घड्याळजी, १७३२ साली वारला. संगीत वाजवणाऱ्या घड्याळांसाठी त्याचं नाव होतं. त्याने तांब्यात बेताचं जस्त मिसळून सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू काढला. पुढे लबाड सराफांनी तो सोनं म्हणून खपवला आणि बदनाम झालं ते ह्याचं आडनाव.

पण तांबूस तांबं जस्ताने पिवळं का व्हावं? जस्त तर निळसर पांढरं! खरी गंमत इथेच आहे.

धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन अंगावर पडलेला प्रकाश परतवून लावतात, म्हणून बहुतेक धातू पांढुरके दिसतात. तांब्यात मात्र 'डी' नावाच्या खालच्या ऊर्जापातळीतले इलेक्ट्रॉन वर उडी मारायला टपलेले असतात. त्या उडीला साधारण २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. हिरव्या-निळ्या प्रकाशात तेवढी असते, तो बराचसा गिळला जातो आणि तांबडा-नारिंगी परत येतो. सोन्यात हीच उडी २.४ च्या आसपास, त्यामुळे पिवळाही सुटतो. आता जस्त घाला. मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या वर्गणीत तांब्याचा अणू एक देतो, जस्ताचा दोन. हे जादा इलेक्ट्रॉन वरच्या रिकाम्या जागा अडवतात, उडी आणखी उंच होते आणि रंग तांबड्याकडून पिवळ्याकडे सरकतो. दहा-पंधरा टक्के जस्तात काम फत्ते.

अस्सल सोन्याचा पिवळेपणा आणखी अजब. ७९ प्रोटॉनांच्या ओढीने त्याचे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने पळतात. सापेक्षतावादानुसार त्यामुळे उडी जिथे पोचते ती '६एस' कक्षा आक्रसून खाली येते, जिथून सुरू होते ती '५डी' (सोन्यातली 'डी' पातळी) वर सरकते आणि उडी लहान होते. तसं नसतं, तर ती चांदीसारखी अतिनील प्रकाशात गेली असती आणि सोनंही पांढरं दिसलं असतं.

पिवळ्या धातूने म्हणे गुरू बळकट होतो. रंगावरच भागत असेल तर ज्योतिषीबुवांनी पिंचबेकची अंगठी सुचवायला हरकत नसावी. खिशाला तरी बरी.

१८५४ मध्ये ब्रिटनमध्ये ९ कॅरेट सोन्याला कायद्याने मान्यता मिळाली आणि पिंचबेकची गरजच उरली नाही. ह्या 'सोन्यात' सोनं ३७.५ टक्के. बाकी बहुतेक चांदी, तांबं आणि पुन्हा तेच जस्त.