आयर्लंडचे दोन ‘पहिले’: डेव्हिड नॉरिस आणि लिओ वराडकर

लिओ वराडकर जून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या वडिलांचे मूळ गाव असलेल्या मालवण तालुक्यातील वराडची आपल्याकडे कौतुकाने चर्चा झाली आणि त्या भरात ‘आयर्लंडचे पहिले उघडपणे समलिंगी राजकारणी’ असे बिरुदही त्यांना कुठे कुठे बहाल करण्यात आले. वास्तविक हा मान डेव्हिड नॉरिस यांचा आहे, आणि तो त्यांनी वराडकर आठ वर्षांचे असताना मिळवला होता. वराडकर हे त्या देशाचे पहिले उघडपणे समलिंगी मंत्री आणि पुढे पहिले समलिंगी पंतप्रधान. फरक केवळ पदांचा असता, तर एवढ्यावर थांबता आले असते. परंतु या दोघांचे राजकारणात येण्याचे मार्ग जवळजवळ उलट दिशांचे आहेत.

नॉरिस यांचा जन्म १९४४ चा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते इंग्रजी साहित्य शिकवत आणि जेम्स जॉइसचे जाणकार म्हणून ओळखले जात. पुरुषांमधील समलिंगी संबंध त्या काळी आयर्लंडमध्ये गुन्हा होते. ज्या १८६१ आणि १८८५ च्या कायद्यांनी ते गुन्हा ठरवले होते, ते ब्रिटिश अमदानीतील होते आणि स्वातंत्र्यानंतरही तसेच चालू राहिले होते. भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ त्याच राजवटीची देणगी. नॉरिस यांनी या कायद्यांना न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयात ते हरले आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हरले. अखेर २६ ऑक्टोबर १९८८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आठ विरुद्ध सहा मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि हे कायदे खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करतात, असे ठरवले. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभ्या राहिलेल्या मेरी रॉबिन्सन पुढे आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. कलम ३७७ विषयीच्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालपत्रातही नॉरिस खटल्याचा दाखला आहे, त्यामुळे नॉरिस हे नाव आपल्यालाही तितकेसे परके नाही.

हा खटला चालू असतानाच, १९८७ मध्ये, ते सिनेटवर, म्हणजे आयर्लंडच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आले. त्यांचा मतदारसंघ विद्यापीठाच्या पदवीधरांचा होता, साधारण आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासारखा. ज्या कायद्याने त्यांना गुन्हेगार ठरवता आले असते, त्याच कायद्याच्या छायेत ते कायदेमंडळात बसले होते, आणि मतदारांपासून त्यांनी काहीही लपवले नव्हते. त्यांना मंत्रिपद कधी मिळाले नाही. पक्षाबाहेरच्या अपक्षाला ते मिळणे अवघडच होते. २०११ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. मात्र माजी जोडीदाराच्या शिक्षेत सौम्यता मागणाऱ्या जुन्या पत्रावरून वादळ उठले, त्यांनी माघार घेतली, पुन्हा रिंगणात उतरले आणि पाचव्या क्रमांकावर राहिले.

वराडकरांच्या बाबतीत राजकारण आधी आले आणि प्रकटीकरण नंतर. वडील मुंबईत जन्मलेले डॉक्टर, आई आयरिश परिचारिका. स्वतः वराडकरही ट्रिनिटीतून डॉक्टर झाले. २००७ मध्ये ते फिने गेल पक्षातर्फे डब्लिन पश्चिममधून कनिष्ठ सभागृहात गेले आणि २०११ मध्ये मंत्री झाले. त्याच वर्षी मजूर पक्षाचे दोन उघडपणे समलिंगी सदस्य कनिष्ठ सभागृहात निवडून आले होते, म्हणजे ‘पहिला समलिंगी खासदार’ हा मानही वराडकरांकडे जात नाही. १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असताना त्यांनी आयरिश रेडिओवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. समलिंगी पुरुषांच्या रक्तदानासारख्या विषयांवर मंत्री म्हणून निर्णय घ्यायचे असताना आपला कोणताही छुपा हेतू नाही हे लोकांना कळावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे मे महिन्यातील सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिले.

येथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. २०१० मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीच्या विधेयकावर बोलताना प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोन्ही मिळण्याचा हक्क आहे, अशी भूमिका वराडकरांनी मांडली होती. समलिंगी हक्कांच्या चळवळीतून वर आलेले नेते म्हणून त्यांचे चित्र रंगवणे त्यामुळेच चुकीचे ठरते. ते मध्यम-उजव्या पक्षात वाढलेले नेते होते, आणि २०१७ मध्ये पक्षनेतेपदाच्या लढतीत सायमन कोवेनी यांना सामान्य सदस्यांची अधिक मते मिळूनही वराडकरांना खासदारांच्या पाठिंब्याने तारले.

दोघांचे मार्ग एका ठिकाणी मात्र जोडले जातात. नॉरिस यांनी जिंकलेल्या खटल्यामुळे आयर्लंडला १९९३ मध्ये जुना कायदा बदलावा लागला. या बदलाला २५ वर्षे झाली तेव्हा, जून २०१८ मध्ये, त्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांची सरकारच्या वतीने संसदेत माफी मागितली ती पंतप्रधान वराडकरांनी.

‘जगातील पहिले समलिंगी पंतप्रधान’ हे बिरुद तर दोघांपैकी कोणालाच लागू होत नाही. आइसलँडच्या योहाना सिगुर्दारदोत्तिर २००९ मध्येच त्या पदावर आल्या होत्या, आणि त्यांच्यानंतर बेल्जियम व लक्झेंबर्गमध्येही वराडकरांच्या आधी असे पंतप्रधान झाले. नॉरिस जानेवारी २०२४ मध्ये, ३६ वर्षांहून अधिक काळ सिनेटवर राहून निवृत्त झाले. वराडकरांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पायउतार होण्याची घोषणा केली.