मामाचा पसारा आला कुठून

ठाण्याच्या नौपाड्यातली मामाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर खाली करायचीय, आणि घरात सध्या एकच विषय चाललाय की मामाच्या पसाऱ्याचं करायचं काय. वन बीएचके घर. त्यात ग्रामोफोनच्या तीनेकशे जुन्या तबकड्या, पलंगाखाली दिवाळी अंकांचे गठ्ठे, भाता फाटलेली एक पेटी, मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं. वर हा माणूस दरवर्षी डहाणूला वारली लग्नांना जाणार. घरातल्या नव्या सुनेने परवा सरळच विचारलं, एकाच माणसाला इतक्या वेगवेगळ्या गोष्टी कशा काय आवडतात? तिला उत्तर द्यायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून लिहूनच काढतोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मामाने छंद म्हणून काहीही ठरवून निवडलेलं नाहीये. ठाणं जे जे टाकत गेलं ते तो उचलत गेला, बस.

एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली आणि तिची पहिली इंडस्ट्रियल इस्टेट म्हणजे आपली वागळे इस्टेट. मामा तिथे १९७४ ला फिटर म्हणून चिकटला. फर्स्ट शिफ्ट, म्हणजे दुपारी साडेतीनला माणूस मोकळा, खिशात बसला पुरतील एवढेच पैसे आणि रात्रीपर्यंत करायचं काय हा प्रश्न. घरी येताना वाटेत एक रद्दीचं दुकान होतं, तिथे तो टेकायला लागला. रद्दीवाल्याशी दोस्ती झाली, आणि पुढचं सगळं त्या दुकानाच्या पायरीवरून सुरू झालं.

पहिल्या आल्या तबकड्या. तेव्हा लोकांकडे एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्ड, आल्या होत्या, मग पाठोपाठ कॅसेट, आणि घराघरातल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या अडगळ झाल्या. गंमत म्हणजे रद्दीवाल्याला पण त्या नको असायच्या, कारण कागद नाही, लोखंड नाही, वजनाला भाव काय लावणार? मामाला फुकट मिळायच्या. त्या लाखेच्या असतात, बांगड्यांची लाख तीच, म्हणून हातातून सुटली की गेली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात, म्हणजे जो गवई मैफलीत एक राग तासभर गायचा त्याला तो तीन मिनिटांत बसवावा लागायचा, आणि मामाचं म्हणणं असं की कोणाला खरंच काय येतं ते तिथेच कळतं. (हे वाक्य तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो.) गायिका गौहर जानचं पहिलं रेकॉर्डिंग १९०२ चं, कलकत्त्यातलं. सुरुवातीला तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आपल्याकडे कारखाना झाला तो १९०८ ला, कलकत्त्यात सियालदहला. हॅनोव्हरच्या लोकांना कळावं कोण गातंय म्हणून गाणं संपलं की गाणारी बाई स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची, असं म्हणतात. लहानपणी आम्ही भाचरं फक्त त्या शेवटच्या वाक्यासाठी तबकडी लावायला सांगायचो आणि हसून लोळायचो.

कान असा फुकटात तयार झाल्यावर मामा गडकरीला जायला लागला. गडकरी रंगायतन हे ठाण्याचं नाट्यगृह १९७८ चं, त्याआधी चांगलं काही बघायचं तर लोकल पकडून दादर गाठा. गायक पंडित राम मराठे ठाण्यातच राहायचे, १९८९ ला गेले, त्यांच्या नावाने महापालिका अजून संगीत महोत्सव भरवते. तिथे मामा ठरलेला.

दिवाळी अंकांचं प्रकरण वेगळं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही प्रथा पडली, आणि तेव्हापासून मराठी घरात दिवाळीनंतर वर्षभरात अंक रद्दीत जाणं ही पण प्रथाच. मामा वाचायला नव्हे, कव्हरसाठी घ्यायचा. दीनानाथ दलालांची चित्रं. दलाल १९७१ ला गेले, म्हणजे मामाला हे सगळं मिळालं ते त्यांच्या मागेच. कंपनीत जॉब तपासायला वापरायचा तसलं एक भिंग त्याच्याकडे होतं, त्याने तो छापलेले ठिपके बघत बसायचा. लाल, पिवळा, निळा, काळा, चारच शाया, आणि त्यातून बाईच्या गालाचा रंग कसा काढला असेल! मामी लग्न होऊन आली तेव्हा हा माणूस भिंग लावून बायकांची चित्रं बघतोय हे पाहून तिला जे वाटलं ते ती अजून सांगते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पेटी आली वाड्यातून. ऐंशी-नव्वदच्या दशकात नौपाड्यातले वाडे पडायला लागले, तिथे फ्लॅट झाले, आणि फ्लॅटमध्ये पेटी ठेवणार कुठे? पेटी या वाद्यालाच रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत बाहेर ठेवलं होतं, कारण काय तर हिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जमत नाही आणि मूळची परदेशी. तीस वर्षं बंदी खाऊन सुद्धा आपल्या देवळात, भजनात, नाटकात ती वाजतच राहिली. आमची मात्र वाजत नाही, भात्यातून वारा जातो, तीन सूर मुके आहेत. मामा दर रविवारी उघडून परत बंद करतो.

रशियन पुस्तकांचं तर सोपंय. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियन संपलं, आणि त्यानंतर स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर ती जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तकं मामाला पाच-पाच रुपयाला मिळाली. एरवी वाचायला मराठी ग्रंथ संग्रहालय होतंच, १८९३ पासूनचं, पण तिथलं पुस्तक परत करावं लागतं, ही मामाची तक्रार.

राहिली वारली चित्रं. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच, पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ ला. मामाचा एक शिफ्टवाला तिकडचा, त्याने घरच्या लग्नाला नेलं. तिथे झोपडीच्या आत, गेरू-शेणाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढत होत्या, मध्ये पालघट देवी, आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. मामा म्हणतो, मी विचारलं, हे नंतर ठेवतात का? तर त्या हसल्या. पाऊस, धूर, सारवण, जाईल तेव्हा जाईल, पुढच्या लग्नाला नवा. पुढे जिव्या सोमा म्हशेंनी हे कागदावर आणलं, जगभर नेलं, २०११ ला पद्मश्री मिळाली, आता तर बेडशीटवर पण वारली असते. पण मामाने आजवर एकही वारली चित्र विकत घेतलेलं नाही. तीस वर्षं लग्नांना जातोय, आहेर करतो, जेवतो, भिंत बघतो आणि हात हलवत परत येतो. तबकडीचा तुकडा न सोडणारा माणूस! कारण विचारलं तर म्हणतो, ते कोणी टाकलेलं नव्हतं रे.

असो. काल टेम्पोवाला येऊन माप घेऊन गेला. भाड्याचं घर घोडबंदर रोडला बघितलंय, तिथे यातलं अर्धं पण मावणार नाही हे मामाला मान्य आहे, म्हणजे तसं त्याने कबूल तरी केलंय. रात्री कचरा टाकायला म्हणून खाली गेला तो अर्धा तास वर येईना. बघतो तर जिन्याखाली, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी जाताना टाकलेला टू-इन-वन (रेडिओ-कॅसेट प्लेअर) मांडीवर घेऊन बसलेला. मला बघून म्हणाला, मोटर चालू आहे रे याची, फक्त पट्टा सैल झालाय.