धावपटूंचा आहार : मांस आणि पूरके

दम वाढावा, स्नायू झिजू नयेत किंवा वजन उतरावे म्हणून लांब पल्ल्याचे धावपटू मांस, मासे, अंडी यांवर भर देतात आणि जोडीला पावडरी, गोळ्या, जेल घेतात. एक सवय स्वयंपाकघरातली, दुसरी दुकानातली, असे वाटते खरे; पण दुसरी पहिलीच्याच पोटी जन्मली आहे. क्रिएटिन, कार्निटिन आणि कार्नोसिन ही नावे मांसाला असलेल्या ग्रीक व लॅटिन शब्दांवरून पडली, आणि ही तिन्ही द्रव्ये प्रथम हाती लागली ती मांस उकळून काढलेल्या अर्कात. आज मात्र त्यांचे डबे मटणवाल्याकडे नव्हे, तर व्यायामशाळेच्या काउंटरवर मिळतात.

इतिहास

प्राचीन ग्रीसमध्ये खेळाडू मुख्यतः ताज्या चीजवर पोसले जात. मांसाचा पायंडा पाडला तो पहिलवानाने नव्हे, धावपटूने, असे पॉसेनिअस या ग्रीक प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहून ठेवले आहे. स्टिम्फॅलसचा द्रोमेउस ऑलिंपियात लांब पल्ल्याची शर्यत दोनदा जिंकला आणि मांसाहाराची कल्पना त्याचीच. द्रोमेउस या नावाचा अर्थच 'धावणारा', तेव्हा गोष्ट थोडी रचलेली असेल अशी शंका घ्यायला जागा आहे.

मांस म्हणजे ताकद या समजुतीला विज्ञानाचे कपडे चढवले ते युस्टुस फोन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःतलेच प्रथिन जाळतात, म्हणून कष्टकऱ्याने मांस खाल्लेच पाहिजे, असे तो मानी. फ्रान्समध्ये शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये मांसाच्या सूपमधून क्रिएटिन वेगळे काढले होते. १८४७ मध्ये लीबिखने नोंदवले की शिकारीत पळून पळून मेलेल्या रानकोल्ह्यांच्या मांसात पिंजऱ्यातल्या कोल्ह्यांच्या दहापट क्रिएटिन असते. धावणे आणि क्रिएटिन यांची सांगड घालणारी ही बहुधा पहिलीच नोंद, आणि तीही धावपटूवर नव्हे, कोल्ह्यावर! पुढे १८६५ मध्ये लीबिखच्या नावाने कंपनी निघाली. उरुग्वेतल्या फ्राय बेंटोस इथे सुमारे ३० किलो मांसातून १ किलो घट्ट काळा अर्क काढून ती युरोपभर विकू लागली. तिला आजच्या पूरक-बाजाराची आजी म्हणायला हरकत नाही.

गंमत अशी की त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, आडोल्फ फिक आणि योहानेस व्हिस्लिसेनुस हे झुरिकचे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढून गेले. चढ जवळजवळ दोन किलोमीटर उंचीचा. आधीपासून प्रथिने बंद. खाल्ल्या त्या फक्त चरबीत तळलेल्या स्टार्चच्या वड्या आणि वर साखरेचा चहा. वाटेत प्रत्येक वेळची लघवी बाटलीत जपून ठेवली आणि तिच्यातल्या नायट्रोजनावरून जळलेल्या प्रथिनाचा हिशेब मांडला. ते इतके थोडे भरले की त्यावर डोंगर चढणे शक्यच नव्हते. इंधन पिठाचे आणि चरबीचे, हे सिद्ध झाले. लीबिखचा सिद्धांत तिथे कोसळला. समजूत मात्र जागची हलली नाही. भात खाऊन काय दम येणार, मटण खा, हा सल्ला आजही गावोगावच्या मैदानांवर ऐकू येतो.

त्यानंतरच्या धावपटूंनी काय काय पोटात ढकलले याची यादी मोठी आहे. एकच उदाहरण पुरे : १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या टॉमस हिक्सला वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन हे विष थोड्या मात्रेत पाजण्यात आले होते. त्या काळी ते नियमबाह्य नव्हते.

इंधन

मॅरेथॉनच्या वेगाने धावताना मुख्यतः जळतो तो ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. हा साठा स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास असतो. तीस-बत्तीस किलोमीटरनंतर पाय शिशाचे होतात ते तो संपत आल्यामुळे. १९६६ मध्ये स्वीडनच्या बेरिस्ट्रम आणि हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकच पाय थकेपर्यंत चालवला. मग तीन दिवस पिष्टमय खाऊन दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचा तुकडा काढून पाहिला. थकवलेल्या पायात न थकवलेल्याच्या जवळपास दुप्पट ग्लायकोजेन साठला होता. यावरूनच शर्यतीआधी भात-पास्ता भरपूर खाण्याची पद्धत निघाली. ब्रिटनचा रॉन हिल १९६९ मध्ये अथेन्सला युरोपीय मॅरेथॉन जिंकला तो तिच्या जोरावर.

मांसात ग्लायकोजेन जवळजवळ नसतोच. जनावर कापल्यावर थोडा असतो तोही लॅक्टिक आम्लात बदलून जातो. म्हणून शर्यतीच्या आदल्या रात्री मटणावर ताव मारून भाकरी अर्धीच खाणारा धावपटू दुसऱ्या दिवशीची टाकी अर्धी ठेवतो. शिवाय चरबीचे जेवण पोटात रेंगाळते, आणि त्याचा हिशेब सकाळी आठव्या-दहाव्या किलोमीटरला चुकता करावा लागतो.

जगातले सर्वांत वेगवान लांब पल्ल्याचे धावपटू काय खातात हे पाहिले तर हेच दिसते. केनियातल्या अव्वल धावपटूंच्या आहाराचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांच्या ऊर्जेचा सुमारे ७६ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा आणि साखरेचा, तर प्रथिनांचा साधारण १० टक्के होता. ताटात मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, सुकुमा विकी ही पालेभाजी, घेवडा आणि भरपूर दूध-साखरेचा चहा. मांस होते, पण थोडे. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धावपटू बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या लांब उपवासात कुठलाही प्राणिज पदार्थ खात नाहीत. अमेरिकेचा स्कॉट ज्युरेक १९९९ ते २००५ सलग सात वर्षे १०० मैलांची वेस्टर्न स्टेट्स शर्यत जिंकला; दूधही न घेणारा शाकाहारी म्हणून तो प्रसिद्ध आहे.

मांसाचे खरे देणे

मग मांस कशासाठी? पहिले उत्तर लोह. मांसातल्या हीम लोहाचा १५ ते ३५ टक्के भाग शरीर शोषून घेते. डाळी-पालेभाज्यांतल्या लोहाचे शोषण बहुधा त्याहून पुष्कळ कमी. धावपटूचे लोह अनेक वाटांनी जाते : पाऊल दर वेळी जमिनीवर आपटताना तळव्यातल्या तांबड्या पेशी फुटतात, घामातून थोडे जाते, आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होतो, स्त्रियांमध्ये पाळीची भर. वर आणखी एक अडचण अशी की जोरदार सरावानंतर साधारण तीन ते सहा तासांनी रक्तात हेप्सिडिन हे यकृतातले संप्रेरक वाढते आणि ते आतड्यातले लोहाचे दार लोटून घेते. लाँग रन संपवून तीन-चार तासांनी, न्याहारी झाल्यावर लोहाची गोळी आणि लगेच चहा, हा क्रम म्हणूनच सर्वांत वाईट. चहातले टॅनिन उरलेसुरले अडवते. गोळी सकाळी धावण्याआधी किंवा धावून आल्या आल्या, लिंबू-आवळ्याच्या जोडीने घेतलेली बरी. दिवसाआड घेतली तरी चालते. ती रक्तातले फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची खूण, तपासूनच घ्यावी, कारण जादा लोह बाहेर टाकायची शरीराला सोय नाही. आठवड्यातून एकदा कलेजी खाणाऱ्याला ही कसरत कमी करावी लागते. न खाणाऱ्यांसाठी अळीव आहेत, पण लाडवावर चहा नको.

बी-१२ वनस्पतींतून मिळतच नाही. दूध-दही जेमतेम घेणाऱ्या शाकाहारी धावपटूने त्याची गोळी घेणे ही हौस नव्हे, गरज आहे.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे. साध्या प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम पुरते, खेळाडूंसाठी १.२ ते २ ग्रॅम सांगितले जाते. ६० किलोच्या धावपटूला म्हणजे दिवसाला ७२ ते १२०. शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये साधारण ३० ग्रॅम, एका अंड्यात ६, व्हेच्या (दुधाच्या निवळीच्या पावडरीच्या) एका चमच्यात, म्हणजे ज्याला सगळे स्कूप म्हणतात त्यात, २० ते २५. कोकणातले सुके बोंबील या स्पर्धेत सर्वांच्या पुढे असतात. वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनच. फक्त मीठ आणि वास सोसला पाहिजे. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी मुले उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे-गूळ यांवर जे भागवतात, ते महागड्या डब्यापेक्षा फारसे कमी नाही.

महाराष्ट्रात आठवड्याचे वेळापत्रकच धावपटूचा मांसाहार ठरवते. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरे पुष्कळ. राहतो तो रविवार, आणि तोच लाँग रनचा वार. सकाळी एकवीस किलोमीटर मारून घामेजल्या टी-शर्टातच मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा असलेला धावपटू पुण्यात वा कोल्हापुरात नवा नाही. श्रावणाचा प्रश्न मात्र दरवर्षी निघतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा यवतेश्वर-कासचा घाट पावसाळ्याच्या उतरणीला धावायचा असतो, म्हणजे सराव ऐन भरात आणि घरात अंडेसुद्धा वर्ज्य. महिनाभरात लोहाचे किंवा बी-१२ चे साठे रिकामे होत नाहीत. प्रथिनाची उणीव दूध, पनीर, डाळ, उसळी भरून काढतात. थोडे उतरते ते स्नायूंतले क्रिएटिन, आणि घाट चढायला त्याचा उपयोग तसा थोडाच.

वजन

धावण्याचा खर्च साधारण दर किलो वजनाला, दर किलोमीटरला एक कॅलरी. ६० किलोच्या माणसाने दहा किलोमीटर धावून ६०० कॅलरी खर्चल्या, तर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे एक भरलेले ताट त्या परत करून वर शिल्लकही टाकते.

काट्यावरचे आकडे फसवे असतात. क्रिएटिन रोज २० ग्रॅम असे पाच-सात दिवस घेतले की एक-दोन किलो वजन वाढते, बहुतेक पाणीच. जिममध्ये याचे कौतुक होते. डोंगर चढणाऱ्याला ते ओझे. ग्लायकोजेनचेही तसेच : एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी. भात सोडून मांस-अंड्यांवर राहणाऱ्याचे वजन पहिल्याच आठवड्यात झरझर उतरते ते याच पाण्याचे, आणि 'डाएट लागू पडले' अशी बातमी धावण्याच्या ग्रुपवर जाते. ऑस्ट्रेलियात लुइस बर्क यांच्या गटाने अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चरबीप्रधान आहारावरचे खेळाडू चरबी अधिक जाळू लागले खरे, पण त्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागू लागला. बाकीच्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली, यांची नाही.

वजन उतरवताना प्रथिन वाढवले तर स्नायू टिकतात, एवढे खरे. पण खाणेच खर्चापेक्षा सतत कमी राहिले तर पाळी थांबते, हाडांना बारीक तडे जातात, दम उलट घटतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. ती पुरुषांतही आढळते.

पूरके

त्याच समितीच्या २०१८ च्या निवेदनात कामगिरीवर थेट परिणामाचा भक्कम पुरावा असलेली पाचच पूरके आहेत : कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानिन आणि खायचा सोडा. कॅफीन दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम. २००४ पासून त्यावर बंदी नाही. नायट्रेटसाठी बिटाचा रस दोन-तीन तास आधी पितात. मात्र त्यानंतर जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली तर नायट्रेटचे उपयोगी रूप करणारे तोंडातले जीवाणू मरतात आणि रस वाया जातो. सोड्याची मात्रा दर किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाने १८ ग्रॅम. ८०० किंवा १५०० मीटरला फायदा होतो, पोटाने साथ दिली तर. बीटा-अलानिन स्नायूंत कार्नोसिन वाढवते, तेही अशाच छोट्या, जळजळत्या शर्यतींसाठी. चरबी जाळणारे म्हणून खपणारे कार्निटिन या यादीत नाही : तोंडावाटे घेतलेले फारसे शोषलेच जात नाही. पायाचे सूप आणि जिलेटिन सांध्यांना चांगले, या समजुतीला छोट्या प्रयोगांचा थोडाफार आधार आहे. सूप मुळातच चविष्ट असल्याने वाद घालायचे कारण नाही.

१९९३ मध्ये चीनच्या वांग जुन्श्याने १०,००० मीटर २९ मिनिटे ३१.७८ सेकंदांत धावून जग थक्क केले, तेव्हा प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय कासवाच्या रक्ताला आणि हिमालयात कीडाजडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुरशीला दिले. कीडाजडीचे भाव वाढले. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर, रक्त तपासणीचे निकाल संशयास्पद आल्यावर, त्यांच्या सहा धावपटूंना संघातून वगळण्यात आले.

डब्यावर लिहिलेले नसते तेही डब्यात असू शकते. कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेली ६३४ पूरके तपासली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात ९४ डब्यांत लेबलवर नसलेली स्टेरॉइडे निघाली. भारतात लेबलवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असावा लागतो, पण तो क्रमांक म्हणजे उत्तेजक-चाचणी नव्हे. नियमानुसार नमुन्यात सापडले ते खेळाडूचे, डबा कोणाचाही असो.

मांसही या संशयातून सुटलेले नाही. मेक्सिकोत २०११ मध्ये झालेल्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात २०८ पैकी १०९ नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेले औषध निघाले. जनावरे मांसल व्हावीत म्हणून त्यांना ते चोरून दिले जाते. २०१९ पासून त्याचे अगदी अल्प प्रमाण आढळल्यास आधी दूषित मांसाची शक्यता तपासली जाते. अमेरिकेची १५०० मीटरची विक्रमवीर शेल्बी हूलिहान हिने २०२१ मध्ये नॅन्ड्रोलोन हे स्टेरॉइड सापडल्यावर, चाचणीच्या आदल्या रात्री ठेल्यावर खाल्लेल्या बरिटोत (सारण भरून गुंडाळलेल्या मेक्सिकन पोळीत) डुकराचे अवयव असावेत, असा बचाव केला. क्रीडा लवादाने तो मानला नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. ती संपल्यावर मार्च २०२५ मध्ये नानजिंगच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत ३,००० मीटरला तिने रौप्यपदक मिळवले.