फलाटावरचा शब्द, डब्यातला शब्द

दादरला उभं राहिलं की दिवसभर ही घोषणा कानावर पडत असते: "फलाट क्रमांक चारवर येणारी लोकल जलद लोकल आहे." घोषणा संपते न संपते तोच शेजारची बाई विचारते, "फास्ट आहे ना ही?"

या एका वाक्यात तीन शब्दांची तीन नशिबं आहेत. 'फलाट' कुठल्या समितीने घडवला नाही, 'प्लॅटफॉर्म' लोकांच्या तोंडात झिजून झिजून तो तयार झाला. 'क्रमांक' सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने पुढे आणला आणि तो घरोघरी पोचला. 'जलद' तर मराठीत मुरलेला जुना शब्द, पण लोकलच्या बाबतीत तो भोंग्यातच राहिला. माणसं 'विरार फास्ट'च पकडतात.

शब्द निर्दोष असला की तो आपोआप रुजेल, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. शब्द रुजतो तो दोन माणसांच्या बोलण्यात. पेनसिल्वेनिया विद्यापीठातले डॅमन सेंटोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याबद्दलचा एक सुंदर प्रयोग 'सायन्स' नियतकालिकात मांडला. १९४ माणसं, १० गट. गटातल्या दोघादोघांची ऑनलाइन जोडी लावायची, त्यांना एका अनोळखी चेहऱ्याचा फोटो दाखवायचा आणि नाव सुचवायला सांगायचं. दोघांचं नाव जुळलं तर पैसे मिळणार, नाही जुळलं तर कापले जाणार. दर फेरीला जोडीदार नवा. अख्ख्या गटात काय चाललंय हे कोणालाच दिसत नव्हतं, तरी थोड्या फेऱ्यांत सगळा गट एकाच नावावर येऊन थांबला.

मग संशोधकांनी आपली काही माणसं गटात सोडली. ती हट्टाने दुसरंच नाव म्हणत राहिली. अशी माणसं कमी होती तिथे काही हललं नाही. पण त्यांची संख्या साधारण पाव हिस्सा, म्हणजे २५ टक्क्यांवर गेली, की उरलेल्यांनीही जुनं नाव टाकलं आणि नवं उचललं.

'जलद'चं दुखणं इथे कळतं. 'फास्ट' म्हटलं की समोरच्याला त्याच क्षणी कळतं. 'जलद' म्हटलं तर तो जरा थबकतो, आणि तेवढ्यात गाडी सुटते. रूढ शब्द सोडण्याची किंमत प्रत्येकाला एकट्याने मोजावी लागते. घोषणा कितीही वेळा झाली तरी भोंगा कोणाचा जोडीदार होत नाही.

हे आजचंच नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात, म्हणजे १६७४ च्या सुमारास, फारसी पदनामांना संस्कृत नावं दिली गेली. पेशवा झाला पंतप्रधान, वाकनीस झाला मंत्री, सुरनीस झाला सचिव. पुढे पेशव्यांच्या शिक्क्यावरही 'मुख्य प्रधान' असंच कोरलेलं असायचं. लोक मात्र पेशवेच म्हणत राहिले. पण ते शब्द मेले नाहीत. वर्तमानपत्रं, शाळा, कचेऱ्या आल्या, रोज नव्या माणसांशी नव्या राज्यकारभाराबद्दल बोलायची वेळ आली, आणि त्याच यादीतले शब्द हाताशी आले. आज नरिमन पॉइंटजवळच्या सरकारी इमारतीला आपण मंत्रालय म्हणतो, त्याआधी ती सचिवालय होती. दोन्ही नावं त्या जुन्या यादीतल्या शब्दांवरच उभी आहेत. कामाला निघालेला कुठलाही माणूस "मंत्रालयात जाऊन येतो" म्हणतो, आणि त्यात त्याला काही जड वाटत नाही.

शब्द डोक्यात बसायला वेळही लागतो. निकोला द्युमे आणि गॅरेथ गॅस्केल या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं, की नवा शब्द शिकल्याबरोबर आठवतो खरा, पण मेंदूतल्या जुन्या, सारख्या उच्चाराच्या शब्दांशी तो टक्कर घेऊ लागतो, म्हणजे त्यांच्यासारखाच पक्का बसतो, ते रात्रीच्या झोपेनंतर. म्हणून एका दिवसात शंभरदा ऐकण्यापेक्षा रोज एकदा ऐकणं मला जास्त मोलाचं वाटतं.

लोकलचा डबा त्यासाठी उत्तम जागा आहे. लेडीज डब्यात चढलं की पहिला प्रश्न असतो, "कुठे उतरणार?" उत्तर मिळालं की ती सीट आपली ठरली. या नात्याला आमच्या सात जणींच्या ग्रुपमध्ये नाव नव्हतं. मी आणि माझी एक मैत्रीण 'वारस' म्हणायला लागलो. "मावशी, ठाण्याला ना? मग मी तुमची वारस." आधी बाकीच्या नुसत्या बघायच्या. रोज तीच गाडी, तोच डबा, त्याच बायका. महिनाभरात सातही जणी म्हणू लागल्या. शेजारच्या डब्यात मात्र तो शब्द कोणाला ठाऊक नव्हता.

परवा घाटकोपरला एक मुलगी चढली, कॉलेजची बॅग पोटाशी घेतलेली. आमच्यातली ती नव्हती, मी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. खिडकीजवळच्या आजींकडे वाकून तिने विचारलं, "आजी, तुमचा वारस ठरलाय का?"

आजी म्हणाल्या, "ठरलाय गं, ती निळ्या ड्रेसवाली."