बेवारस तेलविहिरी

खनिज तेलाची किंवा वायूची जी विहीर वापरातून गेली, नीट बुजवली गेली नाही आणि जिचा खर्च उचलायला मालक उरला नाही, ती बेवारस विहीर. कधी कंपनीचे दिवाळे निघालेले असते, तर कधी विहीर कोणी खणली याची नोंदच सापडत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिलला १८५९ मध्ये एडविन ड्रेकला तेल लागले. त्यानंतरच्या घाईगर्दीत खणलेल्या कितीतरी विहिरी आजही शेतांत आणि रानांत सापडतात.

विहीर बुजवायला जमिनीखाली वेगवेगळ्या खोलीवर सिमेंटचे बूच बसवावे लागतात. ते नसले तर गंजक्या नळीवाटे मिथेन हवेत सुटतो आणि खारे पाणी गोड्या भूजलात मिसळते. या कामातून कमाई काहीच नाही, शिवाय ते निघते तेव्हा विहिरीचे उत्पन्न थांबलेले असते. म्हणून पैसे आधीच घ्यायला हवेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारी जमिनीवर एका भाडेपट्ट्यामागे किमान अनामत मात्र १९६० पासून २०२४ पर्यंत १०,००० डॉलरच राहिली, पट्ट्यावर विहिरी कितीही असोत. इतकी वर्षे ती न वाढवणे ही अक्षम्य हयगय होती. अखेर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात अशा विहिरींसाठी सार्वजनिक तिजोरीतून ४.७ अब्ज डॉलर ठेवावे लागले.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात हा भार ऑर्फन वेल असोसिएशन ही संस्था तेल कंपन्यांकडून मिळणाऱ्या वर्गणीवर वाहते. तिथला रेडवॉटर खटला मुळातून समजून घेण्यासारखा आहे. २०१५ मध्ये रेडवॉटर एनर्जी बुडाली तेव्हा तिच्या नावावर ८४ विहिरी होत्या. कर्जवसुलीसाठी नेमलेल्या ग्रँट थॉर्नटन या लेखा कंपनीने त्यांतल्या चांगल्या उत्पन्नाच्या १७ घेतल्या आणि उरलेल्या नाकारल्या. म्हणजे विक्रीचे पैसे सावकाराला आणि बुजवण्याचा खर्च इतरांच्या माथी! खालच्या दोन न्यायालयांनी हे मान्यही केले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१९ रोजी पाच विरुद्ध दोन मतांनी तो निकाल फिरवला. दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेतून आधी विहिरी बुजवण्याचे दायित्व फेडायचे, सावकाराचा क्रमांक त्यानंतर, असे ठरले. तरीही २०२० मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने जुन्या विहिरींसाठी एकट्या अल्बर्टाला १ अब्ज कॅनेडियन डॉलर दिले.

भारतात १९९९ च्या स्थळ पुनर्स्थापन निधी योजनेनुसार तेल कंपनीला उत्पादन चालू असतानाच स्टेट बँकेत याच कामासाठी पैसे ठेवता येतात आणि त्या ठेवीवर आयकरात वजावट मिळते.