कल्चरसाठी रक्त द्यायचंय? अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी या

रोवणी लागली की आमच्या लॅबमध्ये रोज एक तरी माणूस कल्चरची चिठ्ठी घेऊन येतो. मी विचारतो, औषध सुरू आहे का? उत्तर ठरलेलं. "हो ना भाऊ, तीन दिवस झाले. गावात सुई मारून घेतली, मेडिकलातून गोळ्या आणल्या. ताप उतरून नाही राहिला, म्हणून तं आलो." हे पत्रक त्या तीन दिवसांसाठी छापलं आहे.

कल्चर म्हणजे रक्तातला जिवंत जंतू बाटलीतल्या पोषक द्रवात वाढवून त्याची ओळख पटवणं. अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर जंतू अर्धमेला होतो आणि बाटलीत वाढत नाही. मग पाच दिवसांनी आम्ही 'वाढ आढळली नाही' असं लिहितो आणि घरचे म्हणतात, चला, रक्त साफ आहे. तसं नसतं. जंतू फुप्फुसात किंवा यकृतात दबा धरून असू शकतो, फक्त आमच्या बाटलीत आला नाही.

पावसाळ्यातले बहुतेक ताप मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड किंवा स्क्रब टायफसचे निघतात. पण आपल्या धानपट्ट्यातल्या माणसाने एक वेगळं नाव ऐकून ठेवावं: मेलिऑयडोसिस. याचा जंतू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. 1911 मध्ये रंगूनला व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा ओळखला. ईशान्य थायलंडच्या धानशेतीत आणि उत्तर ऑस्ट्रेलियात तो नेहमीचा. आपल्या देशात कर्नाटकची किनारपट्टी, केरळ, तामिळनाडू, ओडिशा इथून रुग्ण नोंदले जातात. तो पायाच्या चिरेतून शिरतो, जोराच्या पावसात उडणाऱ्या तुषारांसोबत श्वासातून जातो, दूषित पाण्यातूनही जातो. लागण झाल्यावर साधारण 1 ते 21 दिवसांत ताप येतो, कधी महिन्यांनीही. मग न्यूमोनिया होतो, रक्तात जंतू पसरतो, यकृतात किंवा प्लीहेत पू धरतो. सगळ्यात जास्त धोका शुगरवाल्यांना, त्यानंतर रोज दारू पिणारे आणि किडनीचे रुग्ण. माणसापासून माणसाला तो जवळपास लागतच नाही, तेव्हा रुग्णाचं ताट वेगळं करू नका.

खोकला, ताप आणि वजन उतरणं पाहून याला टीबी समजण्याची चूक पुष्कळदा होते. ज्याची थुंकी टीबीसाठी पुन्हापुन्हा निगेटिव्ह येते, औषधानेही गुण नाही आणि शुगर आहे, त्याने डॉक्टरांना कल्चरबद्दल जरूर विचारावं.

एक गोष्ट मनातून जात नाही. पन्नाशीचे एक शेतकरी, शुगर जुनी, बांधीत पऱ्हे लावताना टाचेला चीर पडलेली. चार दिवस गोळ्या खाऊन आले. आम्ही रक्त घेतलं, पाच दिवस बाटली सांभाळली, काही वाढलं नाही. ताप मात्र सुरूच. पुढे सोनोग्राफीत यकृतात पू दिसला, नागपूरला तो काढला आणि त्यात हा जंतू सापडला. माणूस वाचला, पण निदानाला दोन आठवडे उशीर झाला. गोळ्यांआधी रक्त दिलं असतं तर कदाचित पहिल्याच बाटलीने सांगितलं असतं. कदाचित म्हणतो, कारण या आजारात कल्चर दरवेळी हाती लागतंच असं नाही. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा सॅम्पल मागितलं तर कंटाळू नका.

आता नेमकं काय करायचं? कल्चर लिहून दिलं की त्याच वेळी विचारा, "रक्त देऊन मग डोस घेऊ का?" डॉक्टर म्हणाले की आत्ताच सुरू करा, तर आत्ताच सुरू करा. दम लागलेल्या, बेशुद्ध पडणाऱ्या किंवा हातपाय गार पडलेल्या माणसाला लॅबसाठी थांबवायचं नाही, सरळ दवाखान्यात न्या. सुरू असलेलं औषधही आपल्या मनाने बंद करू नका. फक्त गोळ्यांचा पत्ता सोबत आणा आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते सांगा. आम्ही ते रिपोर्टवर लिहितो, डॉक्टरांना त्यावरून अर्थ लावता येतो.

"दोन हातातून दोनदा रक्त कायले?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत 8 ते 10 मिली रक्त लागतं, कारण तेवढ्यात जंतू मोजकेच असू शकतात. आणि एकाच बाटलीत वाढ झाली तर ती कातडीवरच्या जंतूंची तर नाही, अशी शंका राहते. दोन्हींत तोच जंतू निघाला की शंका मिटते. पैसे दोन बाटल्यांचे पडतात हे खरं. पण एका बाटलीवर घाईने निदान करून चुकीचं औषध आठवडाभर चालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणि वेळ. बाटलीतलं वरचं पाणी गढूळ झालं की आम्ही थेंबभर प्लेटवर लावतो. या जंतूचे ठिपके दुसऱ्या दिवशी बारीक, गुळगुळीत असतात. तीन-चार दिवसांनी ते कोरडे पडून वाळल्या बोरासारखे सुरकुततात. घाई केली तर साधा स्यूडोमोनास (त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा जंतू) किंवा बाहेरून मिसळलेला जंतू म्हणून सोडून दिला जातो. आम्हाला शंका आली की आम्ही तो खात्रीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतो, आणि तसं तुम्हाला सांगतो. म्हणूनच आम्ही विचारतो, धानात काम करता का, शुगर आहे का. ही चौकशी नाही. काय शोधायचं ते आम्हाला त्यातून कळतं, आणि हा जंतू हाताळणाऱ्या आमच्या मुलांचीही काळजी घेता येते.

निदान झालं तर उपचार लांबतो: किमान 10 ते 14 दिवस शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, नंतर किमान तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. ताप गेला म्हणून मध्येच सोडलं तर आजार उलटतो.

बेडक्याचं सॅम्पल द्यायचं असेल तर सकाळी साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून काढा. नुसती लाळ चालत नाही. दोन तासांच्या आत पोचवा.

कल्चरच्या बाटल्या आमच्याकडे बाराही महिने असतात, बाटल्या उबेत ठेवणारी पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी सॅम्पल वाया जात नाही. रुग्णाला आणणं जमत नसेल तर निरोप द्या, आसपासच्या गावांत आमचा माणूस घरी येऊन रक्त घेतो. त्याच सुईत शुगरची तीन महिन्यांची सरासरीही काढून घेता येते. आणि दवाखान्यातून भरलेली कल्चरची बाटली तुम्ही स्वतः आणत असाल तर ती बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका, तशीच पिशवीत उभी धरून आणा.