उशिरा उठणारी मुलं आळशी असतात?

‘रात्री जागायचं आणि सकाळी लोळत पडायचं, निव्वळ आळस!’ वयात येणाऱ्या मुलांबद्दलचा हा जुना समज चुकीचा आहे. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक पूर्वीपेक्षा उशिरा, कधी दोन तासांपर्यंत उशिरा, स्रवतं. दहाला दिवा मालवला तरी डोळा लागत नाही. 13 ते 18 वयात झोप हवी 8 ते 10 तास. शाळा मात्र सकाळी लवकर. ही तूट साठत गेली की साधं बोलणंही जिव्हारी लागतं. ज्याला आपण उद्धटपणा म्हणतो, त्यात झोपेची थकबाकी बरीच असते.

मोबाइल निर्दोष नाही; रात्रीचा प्रखर उजेड झोप आणखी लांबवतो. पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं जरा सोयीचंच.

सकाळी उठल्याबरोबर मुलांना उजेडात आणा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. सुटीत तासभर जास्त झोपू द्या, दुपारपर्यंत नको. आणि रात्री अकराला मार्कांचा विषय तर काढूच नका! उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर मात्र डॉक्टरांना भेटा.